काळी भुई आणि वहाणेचा तळ

‘वहाण’ हा मराठी शब्द संस्कृतातील ‘उपानह्’ आणि पालीतील ‘उपाहना’ या रूपांवरून आलेला असून, मूळ धातूचा विचार करता त्याचा अर्थ ‘पायाशी बांधलेली वस्तू’ एवढाच होतो. ‘पायताण’ हा त्याचा सोबती शब्द ‘पादत्राण’ या संस्कृत शब्दावरून आला आहे आणि त्यात पायाच्या रक्षणाची कल्पना आहे. बांधणे आणि राखणे या दोन कल्पनांमध्ये पादत्राणाचे सगळे शास्त्र सामावते, कारण जी वहाण पायाला नीट बांधलेली नसते ती उतारावर पाय राखू शकत नाही, आणि जिचा तळ भुईला पुरा पडत नाही ती कितीही घट्ट बांधली तरी चार कोसांत निरुपयोगी ठरते. पादत्राणांचा इतिहास बहुधा राजवेष, नक्षी आणि प्रतिष्ठा यांच्या अंगाने लिहिला गेला आहे. दख्खनच्या पठारावर लांबचे अंतर पायी तोडणाऱ्यांच्या दृष्टीने मात्र तो तळाच्या जाडीचा आणि पायाखालच्या मातीचा इतिहास आहे, व तो पाहण्यासाठी तेरइतके सोयीचे ठिकाण क्वचितच सापडेल.

धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी वसलेले तेर हे प्राचीन ‘तगर’ होय. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासपुस्तिकेत, म्हणजे तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची व व्यापाराची माहिती देणाऱ्या मार्गदर्शिकेत, तगराचा उल्लेख फार मोठे नगर म्हणून आला आहे आणि टॉलेमीच्या भूगोलातही ते नाव आढळते. हे तगर नेमके कोठले, याविषयी एकोणिसाव्या शतकात बरेच तर्क चालले होते. १९०१ मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी ते तेरच असल्याचे मांडले आणि पुढच्या उत्खननांनी त्याला बळ दिले. शिलाहार राजे कोकणात आणि कोल्हापूरकडे राज्य करीत असतानाही स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’, म्हणजे तगर या श्रेष्ठ नगराचे स्वामी, म्हणवीत असत, यावरून या गावाची स्मृती किती दूर आणि किती काळ टिकली ते दिसते. गावातील रामलिंगप्पा लामतुरे यांनी पांढरीच्या टेकाडांतून, म्हणजे जुन्या वस्तीच्या राखाडी मातीच्या ढिगांतून, आयुष्यभर वेचलेल्या वस्तूंमधून आजचे शासकीय वस्तुसंग्रहालय उभे राहिले. तेथील हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे इटलीतील पाँपेई येथे १९३८ मध्ये सापडलेल्या मूर्तीशी असलेले साम्य अभ्यासकांनी वारंवार दाखवून दिले आहे.

मूर्ती, मणी आणि कापड ही सारी तेरहून समुद्रापर्यंत गेली ती जमिनीवरच्या वाटेने, आणि त्या वाटेविषयी पेरिप्लसकाराने दिलेले आकडे आजही तपासून पाहता येतात. भडोच, म्हणजे त्या काळचे बॅरिगाझा, येथून पैठण वीस दिवसांच्या अंतरावर आणि पैठणहून तगर पूर्वेकडे दहा दिवसांच्या अंतरावर असल्याचे तो सांगतो. पैठण ते तेर हे अंतर सरळ रेषेत सुमारे १५० किलोमीटर भरते, तर भडोच ते पैठण सुमारे ३५० किलोमीटर. म्हणजे पैठण-तेर टप्प्यात दिवसाला साधारण १५ आणि भडोच-पैठण टप्प्यात १७ ते १८ किलोमीटर, वळणे धरली तर त्याहून थोडी अधिक चाल पडते, आणि हा वेग भरलेल्या बैलगाडीबरोबर चालणाऱ्या माणसाचा आहे. दिशेच्या बाबतीत लेखक थोडा चुकला, कारण तेर पैठणच्या आग्नेयेला आहे. परंतु दिवसांचा हिशेब इतका जुळतो की तो त्याने प्रत्यक्ष व्यापाऱ्यांकडून घेतला असावा, असे मानण्यास हरकत नाही. तगराहून जाडेभरडे कापड व नाना तऱ्हेची मलमल गाड्यांवर लादून, मोठाल्या आणि धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला नेली जाई, असेही तो नोंदवतो. रस्ता नसलेला मुलूख, भरलेली गाडी आणि महिनाभराची चाल एवढे एकत्र आले की गाडीवानापासून तांड्यातल्या शेवटच्या हमालापर्यंत प्रत्येकाला पायात काय घालावे हा प्रश्न पडणारच.

या मुलखाची भुई एकसारखी नाही आणि अडचण तेथूनच सुरू होते. आजचे डोंगरवाटांवर धावणारे लोक ज्या जमिनीला ‘टेक्निकल’ म्हणतात, म्हणजे जिच्यावर प्रत्येक पाऊल पाहून टाकावे लागते आणि जेथे दर काही अंतरावर पायाखालचा पदार्थच बदलतो, तशी ही जमीन आहे. बालाघाटच्या रांगांवर बरड माळ आणि सुटा मुरूम, ओढ्यानाल्यांत गुळगुळीत गोटे, घाटांत काळ्या पाषाणाचे उघडे कातळ आणि नद्यांच्या खोऱ्यांत काळी कापसाची माती, असा हा क्रम आहे. काळी माती ओली झाली की फुगते, चिकटते आणि तळाला थरावर थर चढवते. वाळली की आकसते, तिला हातभर खोल भेगा पडतात आणि ओलीत उमटलेला प्रत्येक ठसा दगडासारखा कडक होऊन बसतो. वरून बाभळीचे काटे आणि पावसाळा सरताच वाटेवर पसरणारा सराटा यांची भर पडते.

या काळ्या भुईसाठी कोणती वहाण योग्य, हा प्रश्न भारतीय वाङ्मयात आश्चर्यकारक नेमकेपणाने विचारला गेला आहे आणि तो विचारणारे व्यापारी नसून बौद्ध भिक्षू होते. विनयपिटक, म्हणजे भिक्षुसंघाच्या आचारनियमांचा पाली ग्रंथ, त्यातील ‘महावग्ग’ या भागात चामड्याच्या वस्तूंविषयी एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्याच्या आरंभी सोण कोळिविस या श्रीमंत घरातून आलेल्या भिक्षूची हकीकत येते. अनवाणी चंक्रमण, म्हणजे ध्यानासाठी येरझारा घालणे, अतिरेकाने केल्यामुळे त्याचे तळवे फुटून वाट रक्ताने माखली, तेव्हा बुद्धांनी त्याला वहाण वापरण्याची परवानगी देऊ केली. परंतु एकट्यासाठी सवलत नको, असे त्याने सांगितल्यावर ती साऱ्या संघाला दिली गेली. ही परवानगी ‘एकपलासिक’ वहाणेची, म्हणजे एकाच पदराच्या तळाची होती. अनेक पदरांची वहाण दुसऱ्याने वापरून टाकलेली असेल तरच चालत असे, नवी घेता येत नसे. याच प्रकरणात रंगीबेरंगी, घोटा झाकणाऱ्या, कापूस भरलेल्या आणि मेंढ्याच्या शिंगासारखे टोक काढलेल्या वहाणांना मनाई आहे. खडावांनाही मनाई आहे, कारण त्यांची खटखट ध्यानात व्यत्यय आणते आणि त्यांखाली किडेमुंग्या चिरडतात. त्या काळच्या बाजारात पादत्राणांचे किती प्रकार मिळत होते, हे या मनाईच्या यादीवरूनच सर्वांत चांगले कळते.

यानंतर त्याच प्रकरणात दुसरा सोण येतो, सोण कुटिकण्ण. अवंती प्रदेशात राहणाऱ्या महाकच्चान या थोर शिष्याने त्याच्यामार्फत बुद्धांकडे पाच विनंत्या पाठवल्या आणि त्यांपैकी एक निव्वळ पादत्राणांविषयी होती. अवंती-दक्षिणापथातील भुई वरून काळी, खरखरीत आणि ‘गोकंटकां’नी भरलेली असल्यामुळे तेथील भिक्षूंना अनेक पदरांच्या तळाची वहाण मिळावी, असा तिचा आशय आहे. बुद्धांनी ती मान्य केली आणि मध्यदेशाबाहेरच्या सर्व सीमावर्ती प्रदेशांसाठी हा नियम सैल केला. अवंती-दक्षिणापथ या जोडनावाची सीमा कोठे धरावी, याविषयी अभ्यासकांत मतभेद असले तरी ‘वरून काळी’ हे वर्णन माळव्यापासून तेरणेच्या खोऱ्यापर्यंत पसरलेल्या एकाच जातीच्या मातीला तंतोतंत लागू पडते. शेकडो कोसांवरच्या गुरूकडे निरोप पाठवताना जमिनीचा रंग, पोत आणि तिच्यावरील अडथळा अशा तीन गोष्टी सांगून मग तळाची जाडी मागणारी ही विनंती, पादत्राण निवडण्याच्या रीतीचा एक नमुनाच म्हटली पाहिजे.

‘गोकंटक’ या शब्दावर थोडे थांबणे आवश्यक आहे. अमरकोशात आणि वैद्यकात तो गोखरूचे, म्हणजे मराठीतील सराट्याचे, नाव म्हणून येतो, आणि सराटा ज्याच्या टाचेत एकदा मोडला आहे त्याला हाच अर्थ स्वाभाविक वाटेल. पाली टीकाकार मात्र वेगळा अर्थ सांगतो. गुरांच्या खुरांनी तुडवलेल्या ओल्या मातीत जे उंचवटे वर येतात ते वाळून काट्यासारखे होतात, तेच गोकंटक होत, आणि ते इतके कडक असतात की एकपदरी वहाण त्यांच्यापुढे टिकत नाही, असे त्याचे म्हणणे आहे. मराठवाड्यात कार्तिकानंतर पाणंदीतून, म्हणजे शेतांमधल्या गाडीवाटेने, चाललेल्या कोणालाही टीकाकाराचाच अर्थ पटेल, कारण गुरांच्या खुरांचे वाळलेले ठसे घोटा मुरगळायला आणि तळवा ठेचायला काट्यापेक्षा अधिक कारणीभूत होतात. अनेक पदरांची वहाण म्हणजे चार पदर आणि त्यापुढे, असेही टीकेत स्पष्ट केले आहे. काटा एका बिंदूत घुसतो आणि खुराचा कंगोरा तळव्याला रुंद दाब देतो. पहिल्यासाठी तळ चिवट असावा लागतो, दुसऱ्यासाठी जाड. आधुनिक डोंगरी बुटांत ‘रॉक प्लेट’ नावाची जी पातळ, ताठर पट्टी तळाच्या मध्ये घालतात ती दगडाचा टोकदार दाब आजूबाजूला पसरवण्यासाठीच असते, आणि चौपदरी चामड्याचे काम यापेक्षा वेगळे नव्हते.

जैन साधूंच्या परंपरेत हा विचार आणखी बारीक झालेला दिसतो. पायी विहार हाच ज्यांचा नेम, त्यांना एरवी पादत्राण वर्ज्य. पण अडचणीच्या वाटेसाठी अपवाद करावे लागले आणि ‘बृहत्कल्पभाष्य’ या प्राकृत ग्रंथात असे अपवाद सांगताना पादत्राणांचे प्रकार त्यांच्या उपयोगासह येतात. घोटा झाकणारे ‘खपुस’, पोटरीपर्यंत जाणारे ‘जंघा’ आणि दगडाला ठेच लागून नखे फुटू नयेत म्हणून बोटांवर चढवायचा ‘कोशक’ हे त्यांतील काही. लांब उतारावर पाय बुटात पुढे सरकून नखे काळी पडणे ही आजच्या धावपटूंची नेहमीची तक्रार आहे, आणि डोंगरी बुटाच्या टोकाला दिलेले जाड रबरी कवच त्या कोशकाचेच काम करते.

तेरच्या उत्खननांत वहाण सापडण्याची अपेक्षा करता येत नाही. दख्खनच्या ओलसर-कोरड्या हवामानात चामडे कुजते आणि मातीत उरतात ती मडकी, मणी, शंखाच्या बांगड्या आणि भाजक्या मातीच्या बाहुल्या. शिल्पांचाही फारसा उपयोग होत नाही, कारण भारतीय शिल्पकाराने देवादिकांना आणि राजांना बहुधा अनवाणी दाखवले. उत्तरेकडच्या सूर्यमूर्तींच्या पायांत गुडघ्यापर्यंतचे बूट आढळतात, दक्षिणेकडचा सूर्य मात्र अनवाणीच उभा असतो. म्हणून प्राचीन काळाविषयी ग्रंथांवर आणि अलीकडच्या काळाविषयी कारागिरांच्या हातातल्या रीतीवर विसंबावे लागते.

ती रीत गावगाड्यात दोन जातींमध्ये विभागलेली होती. ढोर कातडे कमावत आणि चांभार त्याच्या वहाणा, मोटा व वाद्या करीत. कातडे चुन्यात भिजवून त्यावरचे केस काढल्यावर त्याची पिशवी शिवायची, तीत बाभळीची साल आणि हिरडा कुटून पाण्यासह भरायचा आणि ती टांगून ठेवायची, म्हणजे सालीतला तुरट अंश झिरपत झिरपत कातड्यात मुरतो, अशी ही पद्धत होती. कोल्हापुरी चपलेच्या चामड्यासाठी ती अजून काही ठिकाणी चालते. ज्या झाडाचा काटा तळात घुसतो त्याच झाडाची साल त्या तळाला काटा अडवण्याइतका चिवट करते, ही गोष्ट या प्रदेशाच्या अर्थव्यवस्थेविषयी पुष्कळ सांगून जाते. तळासाठी म्हशीचे किंवा बैलाचे जाड चामडे आणि वरच्या पट्ट्यांसाठी शेळीचे मऊ चामडे घेत. रापीने कापायचे, आरीने भोके पाडायची आणि सुताऐवजी चामड्याच्याच वादीने तळाचे पदर एकमेकांना शिवायचे, म्हणजे खिळा नसल्याने तो झिजून पायात घुसण्याचा प्रश्न उरत नाही. नवी वहाण ‘चावते’ म्हणून तिला तेल पाजायचे आणि आठवडाभर थोडे थोडे चालून तिला पायाचा आकार घेऊ द्यायचा, हा शिरस्ता होता. नव्या जोड्यात लांबची शर्यत धावू नये, हा आजचा नियमही याच अनुभवातून आलेला आहे.

या वहाणेचे गुण तिच्या भुईशी जुळणारे होते. कोरड्या मुरमावर आणि खुरांच्या ठशांवर जाड चामड्याचा सपाट तळ उत्तम चालतो, उघड्या पट्ट्यांमुळे पाय उन्हात उकडत नाही आणि आत गेलेला खडा पाय झटकताच बाहेर पडतो. तिचे दोष पाण्यापाशी सुरू होतात. झाडाच्या सालीने कमावलेले चामडे भिजले की मऊ पडते, वादीची शिवण सैल होते, आणि ओल्या कातळावर सपाट तळाला धरच राहत नाही. म्हणून पावसाळ्यात वहाणा आढ्याला टांगून अनवाणी वावरण्याची चाल होती. वर्षातील चार महिने ज्या पादत्राणाला सुट्टी द्यावी लागते ते अपुरे होते, हे त्याच्या कौतुकात विसरता कामा नये.

त्याहून मोठी उणीव चामड्यात नव्हती, समाजात होती. वहाण कोणी घालावी आणि कोठे घालावी यावर जातीचे कडक निर्बंध होते. अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसाने वरच्या जातीच्या आळीतून जाताना वहाणा काढून हातात घ्याव्यात, अशी रूढी अनेक गावांत विसाव्या शतकापर्यंत चालली. ज्यांच्या हातून कातडे कमावले जाई आणि वहाण शिवली जाई, त्यांनाच ती घालून गावातून चालता येऊ नये, यापरते या व्यवसायाच्या इतिहासातील विदारक सत्य नाही. दुष्काळी वर्षांत अनवाणी मैलोन्मैल चालणाऱ्यांचे तळवे टणक असत, असे कौतुकाने लिहिले जाते. त्या टणकपणापैकी किती भाग निवडीचा आणि किती सक्तीचा, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

निवडीने अनवाणी राहण्याची परंपराही तेरला आहेच. संत गोरा कुंभार येथलेच, आणि भजनाच्या तंद्रीत पायांनी चिखल तुडवताना त्यांचे तान्हे मूल पायाखाली आले, ही त्यांच्याविषयीची कथा मराठी माणसाला लहानपणापासून ठाऊक असते. कुंभाराचा पाय हे त्याचे हत्यार असते, कारण मातीतला खडा आणि तिची ओल तळव्याला कळते आणि वहाणेला कळत नाही. धावण्याच्या शास्त्रात आज ज्याला भुईची जाणीव म्हणतात आणि जाड तळाच्या बुटांवर जी हरवल्याचा आक्षेप घेतला जातो, ती हीच. (गावातले प्राचीन विटांचे मंदिर त्रिविक्रमाचे, म्हणजे तीन पावलांत विश्व मापणाऱ्या विष्णूचे असावे, हा योगायोगही पावलांच्या या इतिहासात नोंदवण्याजोगा आहे.) तेरहून गोरोबाकाकांची, म्हणजे याच गोरा कुंभारांची, पालखी पंढरपूरला जाते आणि हे अंतर सरळ रेषेत सुमारे ११० किलोमीटर भरते. आषाढी वारीत अनवाणी चालण्याचा नेम करणारे थोडेच असतात, बहुतेक वारकरी साध्या चपलांवरच चालतात. वाटेत तुटलेले अंगठे आणि पट्टे विनामूल्य शिवून देणारे कारागीर हे वारीतले नेहमीचे दृश्य आहे. मऊ, हलके, पटकन वाळणारे आणि वाटेत दुरुस्त होणारे पादत्राण अनेक दिवसांच्या चालीला बरे पडते, हा निष्कर्ष वारीने कोणत्याही प्रयोगशाळेशिवाय काढलेला आहे.

वारकरी चालतो, वेगाने अंतर कापणे हा ज्यांचा पेशाच होता ते निराळे. मराठेशाहीत पत्रे पोहोचवणाऱ्या जासुदांना बहुधा जोडीने पाठवीत, म्हणजे वाटेत एकाचा पाय गेला तरी दुसरा पत्र घेऊन पुढे जाई, आणि ‘जासूदजोडी’ हा शब्द त्या काळच्या कागदपत्रांत सतत भेटतो. इंग्रजी अमलात टपालाचे हरकारे टप्प्याटप्प्याने धावू लागले, तेव्हा एका माणसावर पडणारे अंतर कमी झाले.

पायी वाटेचा काळ संपवला तो आगगाडीने आणि मोटारीने. १८९७ मध्ये बार्शी ते कुर्डुवाडी अरुंद रुळांची बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली, पुढे ती लातूरच्या दिशेने वाढत गेली आणि तगराच्या कापडाने जी दिशा धरली होती तिच्याशी फटकून सगळा माल मुंबईकडे वळला. विसाव्या शतकात मालमोटारी आल्या आणि त्यांनी चालण्याची गरज कमी करता करताच चालणाऱ्याला नवा तळ दिला. झिजलेल्या टायरचा तुकडा कापून त्याला पट्टे ठोकलेली ‘टायरची चप्पल’ मराठवाड्यात शेतमजूर आणि ऊसतोड कामगार यांच्या पायांत रुळली, कारण ती काट्याला दाद देत नाही, पाण्याने सडत नाही आणि स्वस्त पडते. रबर गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करण्याची कृती चार्ल्स गुडइयर यांना १८३९ मध्ये साधली होती. चामड्याला जे बाभळीची साल देते, ते रबराला गंधकाने दिले.

जगात इतरत्रही हाच मार्ग घेतला गेला. इटलीतील गिर्यारोहक विताले ब्रामानी यांचे सहा सोबती १९३५ मध्ये आल्प्समध्ये मृत्युमुखी पडले, तेव्हा त्या दुर्घटनेत अपुऱ्या पादत्राणांचाही वाटा होता हे ओळखून त्यांनी खोल दातांचा रबरी तळ तयार केला. टायर बनवणाऱ्या पिरेली घराण्याच्या आर्थिक साहाय्याने तो १९३७ मध्ये ‘व्हिब्रम’ या नावाने बाजारात आला आणि आजही डोंगरी बुटांच्या तळांवर तेच नाव आढळते. मेक्सिकोतील ताराहुमारा, म्हणजे स्वतःला रारामुरी म्हणवणारे डोंगरी लोक, टायरच्याच चपला घालून धावतात. १९९३ मध्ये त्यांच्यातील व्हिक्टोरियानो चुरो यांनी वयाच्या ५५व्या वर्षी अमेरिकेतील लेडव्हिल येथील १०० मैलांची शर्यत अशाच चपलांवर जिंकली, तेव्हा महागड्या बुटांविषयीचा बराच आत्मविश्वास डळमळला. पुढे २००९ मध्ये स्थापन झालेल्या ‘होका’ने उलट टोक गाठून अतिशय जाड फोमचे बूट आणले आणि तेही लांब अंतराच्या धावपटूंनी उचलून धरले. एकपदरी की अनेकपदरी, हा विनयपिटकातला वाद अशा रीतीने अडीच हजार वर्षांनी दुसऱ्या साहित्यात पुन्हा उभा राहिला.

सह्याद्रीत भटकणाऱ्या मराठी मंडळींनी हा वाद आपल्या खिशाप्रमाणे सोडवला. आधी कॅनव्हासचे हंटर बूट, मग ‘अॅक्शन’ कंपनीचे ट्रेकिंगचे बूट आणि अलीकडे परदेशी बनावटीचे हलके जोडे, असा त्यांचा क्रम आहे. सिंहगड, राजगड आणि तोरणा या किल्ल्यांना जोडणारी ५३ किलोमीटरची ‘एसआरटी अल्ट्रा’ ही शर्यत डिसेंबरात होते, आणि सुटा मुरूम, गवताळ घसरडे उतार, कातळ आणि बुरुजांच्या पायऱ्या हे सारे एकाच दिवसात पायाखाली येत असल्यामुळे पादत्राणाची परीक्षा घेणारी यासारखी वाट महाराष्ट्रात दुसरी नाही. येथे जाणकार ज्या गोष्टी पाहतात त्या मोजक्या आहेत. तळाचे दात, ज्यांना धावपटू ‘लग’ म्हणतात, ते सुट्या मातीत चार-पाच मिलिमीटर खोल असावेत. पण कातळासाठी दातांच्या खोलीपेक्षा रबराचा मऊपणा महत्त्वाचा, आणि मऊ रबर लवकर झिजते, म्हणून दोन्हींचा मेळ घालावा लागतो. टाचेखालील आणि चवड्याखालील जाडीतला फरक, म्हणजे ‘ड्रॉप’, अचानक बदलल्यास पोटरीवर ताण येतो, म्हणून तो सवयीचाच ठेवावा. काही तासांच्या धावेत पाय सुजतो, त्यामुळे जोडा संध्याकाळी, पाय थोडा फुगलेला असताना, आणि नेहमीपेक्षा अर्धा क्रमांक मोठा घ्यावा. टाच मात्र हलता कामा नये, कारण उतारावर नखे वाचतात ती टाच आणि पावलाचा वरचा भाग घट्ट बांधलेला असल्यामुळे. पाणी आत येऊ न देणारा बूट भर पावसात फसवा ठरतो, कारण वरून शिरलेले पाणी तो बाहेरही जाऊ देत नाही. सह्याद्रीत जाळीदार आणि चटकन निथळणारा जोडाच बरा, आणि या बाबतीत जुन्या उघड्या वहाणेने बुटांवर केव्हाच मात केली होती.

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्याचे जाहीर झाले, म्हणजे विशिष्ट प्रदेशातच बनलेल्या वस्तूला ते नाव लावता येईल असे कायदेशीर संरक्षण मिळाले, तेव्हा त्यात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे धरले गेले. सोलापूरला लागून असलेला धाराशिव जिल्हा त्यात नाही. तेरच्या परिसरात गावोगाव जी जाड तळाची साधी वहाण बनत असे तिला वेगळे नावही नव्हते, आणि नाव नसलेल्या वस्तूला मानांकन मिळत नाही.

पैठण ते तेर ही जुनी वाट आज पायी तोडायची झाली तर पौष-माघात, भुई पूर्ण वाळल्यावर, रुंद पंजाचा, जाडसर तळाचा आणि उथळ दातांचा जोडा पुरेसा होईल, कारण तेव्हा शत्रू दोनच उरतात, खुरांचे ठसे आणि सराटा. श्रावण-भाद्रपदात मात्र खोल दात उलटे बाधतात. काळी माती त्यांच्या फटींत रुतून बसते आणि शंभर पावलांत प्रत्येक बूट शेरभर जड होतो. त्या दिवसांत या भागातले शेतकरी पाणंदीच्या तोंडाशी चपला काढतात, हातात घेतात आणि अनवाणी पुढे जातात.